आई-बाबांना मानसोपचार रुग्णालयात दाखल करताना: सही तुमची, हक्क त्यांचे

पुण्यात कुणी विचित्र वागलं की 'येरवड्याला पाठवा याला' म्हणतात, मुंबईत 'ठाण्याला'. मीही मित्रांना हे गमतीत कितीदा तरी म्हटलंय. आईला दाखल करायची वेळ आली, त्यानंतर मात्र नाही.

आईला बायपोलर डिसऑर्डर आहे. दोन वर्षांपूर्वी ती सलग चार रात्री झोपली नाही. पाचव्या दिवशी बांगड्या मोडून केटरिंग सुरू करायचं तिने ठरवलं आणि पहाटे तीन वाजता ऑर्डरी घ्यायला शेजाऱ्यांची दारं वाजवत सुटली. डॉक्टर म्हणाले, दाखल करावं लागेल. ती म्हणाली, "मला काही झालेलं नाही. तुम्हीच वेडे आहात." रिसेप्शनवर माझ्यासमोर एक फॉर्म सरकवला गेला, 'नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह'च्या रकान्यात सही करा म्हणून. मी केली. त्या शब्दांचा अर्थ कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. तो विचारला असता तर पुढचे तीन आठवडे बरेच सोपे गेले असते.

दाखल होण्याचे दोन रस्ते

हा सगळा कारभार मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार चालतो. तो 2018 मध्ये लागू झाला. त्यानुसार पहिला रस्ता स्वेच्छेचा. रुग्णाला काय चाललंय ते समजतंय आणि उपचार हवे आहेत, तर तो स्वतः सही करतो. अशा वेळी घरच्यांच्या सहीची गरज नसते. बाहेर पडायचं असेल तर डिस्चार्जही तो स्वतः मागू शकतो. डॉक्टरांना काळजी वाटली, तर ते तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवू शकतात.

दुसरा रस्ता 'सपोर्टेड अ‍ॅडमिशन'चा, म्हणजे कलम 89. आमचा हाच होता. रुग्णाने अलीकडे स्वतःला इजा करायचा प्रयत्न केलाय किंवा तशी धमकी दिलीय, इतरांना त्याच्यापासून धोका आहे, किंवा तो स्वतःची काळजी घेऊच शकत नाही इतकी अवस्था आहे, तरच हा रस्ता खुला होतो. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी वेगवेगळं तपासून तसं मत द्यावं लागतं. 'घरात ऐकत नाहीत', 'फार भांडतात' ही कारणं त्यात बसत नाहीत.

याची मुदत 30 दिवस. या काळात रुग्णाची निर्णयक्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासायची असते. दाखल केल्याची माहिती मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत द्यावी लागते, रुग्ण स्त्री असेल तर तीन दिवसांत. दाखल करणं चुकीचं वाटलं तर रुग्ण स्वतः या मंडळाकडे दाद मागू शकतो, अगदी तुमच्या सहीविरुद्धही. 30 दिवसांपलीकडे ठेवायचं असेल तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते.

मग त्या सहीने तुम्ही नेमके कोण होता?

नामनिर्देशित प्रतिनिधी. रुग्णाने आधी कुणाला लेखी नेमलेलं नसेल, तर ही जबाबदारी नातेवाइकाकडे येते. काम काय, तर रुग्णाला निर्णय घ्यायला मदत करणं, आणि त्याला अजिबातच शक्य नसेल तेव्हा तात्पुरती उपचारांना संमती देणं. ती देतानाही त्याच्या आधीच्या इच्छा, त्याची मूल्यं आणि हित बघायचं असतं. तो सावरला की निर्णय पुन्हा त्याचा.

ही सही म्हणजे पालकत्व नाही. बँकेचं खातं, घर, दागिने यांवर तिने कसलाही अधिकार मिळत नाही. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी 'मनाने अक्षम' ठरत नाही, त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसं जाहीर करावं लागतं. हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या एका काकांनी तिसऱ्याच दिवशी आईच्या नावावरच्या प्लॉटचा विषय काढला होता.

वॉर्डात

दाखल करताना बॅगेतल्या अर्ध्या वस्तू परत हातात येतात: ओढणी, बेल्ट, काचेची बाटली, नेलकटर, चार्जर. पायजम्याची नाडीसुद्धा. धक्का बसतो, पण हे सगळं जीव वाचवण्यासाठी असतं. इलॅस्टिकचे कपडे न्या.

तुमच्याकडची सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे माहिती. डॉक्टरांना रुग्ण आज दिसतोय, तुम्हाला गेली वीस वर्षं. झोप कधीपासून बिघडली, पैसे कसे खर्च झाले, पूर्वी कोणत्या गोळीने फरक पडला, कोणती मधेच बंद केली, हे तारखांसकट कागदावर लिहून द्या. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाबाच्या गोळ्यांची यादीही द्या. हे फार महत्त्वाचं आहे. उदाहरणार्थ, लिथियम चालू असताना रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेतली, तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं.

भेटायला गेल्यावर आई पहिला आठवडा एकच वाक्य बोलायची: "मला घरी ने." मी 'उद्या नेते' म्हणत राहिले. ही चूक होती. उद्या आला की ती बॅग भरून बसायची. नंतर एका नर्सने सांगितलं, खरं तेवढंच सांगा. मग मी म्हणायला लागले, "आज नाही, आई. शुक्रवारी डॉक्टर पुन्हा बघणार आहेत, तेव्हा आपण दोघी विचारू." ती चिडायची, पण बॅग भरायची थांबली.

शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, हा शब्द ऐकला की सिनेमे आठवतात. आज भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देणं कायद्याने बंद आहे. साधारण 6 ते 12 वेळा देतात, त्याआधी उपाशी ठेवतात. तीव्र नैराश्यात, विशेषतः रुग्णाने खाणंपिणं सोडलं असेल तर, ती झपाट्याने काम करते. विस्मरण होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं, पण त्या काळातल्या काही आठवणी कायमच्या जाऊ शकतात. संमती मागितली तर किती वेळा, का आणि पर्याय काय, हे विचारूनच द्या.

बांधून ठेवण्याबद्दलही विचारा. तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तरच आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच ते करता येतं, आणि प्रत्येक वेळी प्रतिनिधीला 24 तासांत कळवायला हवं. एकट्याला कोंडून ठेवायला आणि साखळ्यांना पूर्ण बंदी आहे. रुग्णाला स्वतःचे कपडे घालायचा, फोन करायचा, आणि भेटायला आलेल्याला नाही म्हणायचाही हक्क आहे. आईने दोनदा मला नाही म्हटलं. मी बाहेर बाकावर बसून परत आले.

पैसे आणि पाहुणे

आरोग्य विमा कंपन्यांना मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांच्याच धर्तीवर संरक्षण द्यावं लागतं, हे याच कायद्यात आहे. तरी पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी तपासा. खर्च परवडत नसेल तर राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरीत आहेत.

नातेवाइकांना किती सांगायचं, हे शक्य असेल तर रुग्णालाच विचारा. आम्ही 'मावशीकडे गेलीय' असं सांगून बसलो आणि मग मावशीच घरी आली.

घरी आल्यावर

डिस्चार्ज मिळाला म्हणजे संपलं, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. आत्महत्येचा धोका याच काळात वाढलेला असतो. त्यामुळे पुढच्या भेटीची तारीख, गोळ्यांचं वेळापत्रक आणि 'कोणती लक्षणं दिसली तर लगेच फोन करायचा' हे तीन कागद घेतल्याशिवाय रुग्णालयातून निघू नका. गोळ्यांची जबाबदारी कोणाची, हेही तिथेच तिघांनी बसून ठरवा. रोज संध्याकाळी 'घेतलीस का?' विचारणं आईला पोलिसी वाटायचं. शेवटी आठवड्याचा गोळ्यांचा डबा आणला, तो तीच रविवारी भरते.

तब्येत बरी असताना आणखी दोन गोष्टी करता येतात. एक, आगाऊ निर्देश: पुन्हा आजार उफाळला तर कसे उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे लिहून ठेवणं. दुसरी, प्रतिनिधी स्वतः निवडणं. त्यासाठी साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो आणि नाव केव्हाही बदलता येतं. आईने मागच्या वर्षी हा कागद लिहिला. माझं नाव नाही घातलं, मावशीचं घातलं. "तुझ्याशी मला भांडायचं असतं," म्हणाली.

आत्ताच कुणाशी तरी बोलायची गरज असेल, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. ती चोवीस तास मोफत चालते आणि रुग्णाची काळजी घेणारेही तिथे फोन करू शकतात.