रिकाम्या बाटलीने काय सांगितलं?

माझ्या बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून त्यांना स्टॅटिनची गोळी सुरू होती. मागच्या दिवाळीला घरी गेले तेव्हा ड्रॉवरमध्ये न उघडलेल्या तीन स्ट्रिप्स सापडल्या. विचारलं तर म्हणाले, "पोटऱ्या भरून येतात गं. मांड्या ठणकतात. खालच्या मजल्यावरच्या काकांनीही त्याच गोळीपायी सोडली."

मी फार्माकॉलॉजीत पीएचडी करतेय, त्यामुळे लगेच पांडित्य पाजळलं, "बाबा, हा नोसिबो आहे." ते गप्प झाले. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की मुलगी म्हणतेय तुमचं दुखणं खोटं आहे. मी कुठे चुकले ते पुढे सांगते. आधी ज्या संशोधनाच्या जोरावर मी ते वाक्य फेकलं, ते बघू. संशोधनाला लागणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा तरी नीट वाचावा असं माझं मत आहे.

प्लासिबो तुम्हाला माहीत असतो: औषध नसलेल्या गोळीनेही बरं वाटतं. नोसिबो त्याचा उलटा भाऊ. गोळीने त्रास होणार अशी धास्ती असली की औषध नसलेल्या गोळीनेही त्रास होतो. स्टॅटिनबाबत ही शंका जुनीच होती. अॅस्कॉट नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये तिला आकडे मिळाले. पहिल्या टप्प्यात कोणाला अॅटोरव्हास्टॅटिन मिळतंय आणि कोणाला प्लासिबो, हे रुग्णांना किंवा डॉक्टरांना माहीत नव्हतं. तेव्हा स्नायूंच्या तक्रारींचं प्रमाण स्टॅटिन गटात वर्षाला २.०३ टक्के होतं आणि प्लासिबो गटात २.०० टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. मग ट्रायलचा तो भाग संपला आणि ज्यांना हवं त्यांना उघडपणे स्टॅटिन दिलं गेलं. आता घेणाऱ्यांत १.२६ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.०० टक्के. दोन्ही दर आधीपेक्षा कमी का, त्यात आत्ता अडकू नका. आंधळेपणा असताना नसलेला फरक तो गेल्यावर दिसू लागला, हे महत्त्वाचं. २०१७ साली लॅन्सेटमध्ये हे छापून आलं.

पण व्हायवात परीक्षक इथेच पकडतील. दुसऱ्या टप्प्यात गोळी घ्यायची की नाही हे लोकांनी स्वतः ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नव्हे. शिवाय ट्रायलमध्ये येणारी माणसं मुळात गोळीला तयार असलेली. ज्यांनी त्रासाने गोळी सोडली, त्या माझ्या बाबांसारख्यांचं काय?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने नेमकी तीच माणसं घेतली. सॅमसन नावाच्या या ट्रायलमध्ये ६० जण होते आणि स्टॅटिन सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्रास झाला म्हणून प्रत्येकाने ते सोडलेलं होतं. दोन आठवड्यांचा निकष का? कारण ट्रायलमधली प्रत्येक पाळी एक महिन्याची होती. ज्याला त्रास व्हायला सहा महिने लागतात, त्याला महिनाभराच्या पाळीत काय दिसणार?

प्रत्येकाला बारा बाटल्या मिळाल्या. चारांत अॅटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, चारांत हुबेहूब दिसणारा प्लासिबो आणि चार चक्क रिकाम्या. क्रम यादृच्छिक. रोज मोबाइलवर आज किती त्रास झाला याचा ० ते १०० मध्ये आकडा द्यायचा.

रिकाम्या बाटल्या कशाला, हा प्रश्न वाचताना मलाही पडला होता. विचार करा, फक्त स्टॅटिन आणि प्लासिबो असते आणि दोन्हींत सारखाच त्रास निघाला असता, तर त्याचे दोन अर्थ लागले असते. एक, गोळी घेण्याच्या क्रियेनेच त्रास होतो. दोन, या वयात पोटऱ्या दुखतातच, गोळी असो वा नसो. हे दोन अर्थ वेगळे करायला गोळीच नसलेला महिना लागतो.

निकाल असा: रिकाम्या महिन्यांत सरासरी ८.०, प्लासिबोच्या महिन्यांत १५.४, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळी घेतल्याने त्रास जवळपास दुप्पट झाला आणि त्यासाठी गोळीत औषध असण्याची फारशी गरज नव्हती. कागद घेऊन स्वतः करून पाहा. स्टॅटिनने वाढवलेला त्रास ८.३, प्लासिबोने वाढवलेला ७.४. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ०.८९ येतं. शोधनिबंधात ०.९० आहे, आपण गोल केलेले आकडे वापरले म्हणून तेवढा फरक. त्रास असह्य झाला म्हणून महिना अर्धवट सोडण्याचे ७१ प्रसंग घडले आणि त्यातले ३१ प्लासिबोच्या महिन्यांतले होते.

मर्यादाही बघा. रिकामी बाटली रिकामी आहे हे कोणालाही दिसतं, म्हणजे ते चार महिने आंधळे नव्हतेच. आणि आकडा सगळ्या प्रकारच्या त्रासाचा होता, फक्त स्नायूंचा नाही. स्नायूंपुरतं उत्तर पुढे २०२२ मध्ये लॅन्सेटमधल्या एका एकत्रित विश्लेषणाने दिलं: स्टॅटिन आणि प्लासिबो यांची तुलना करणाऱ्या १९ ट्रायल्स, जवळपास १ लाख २४ हजार माणसं. स्नायूदुखी किंवा अशक्तपणा स्टॅटिन गटात २७.१ टक्के, प्लासिबोत २६.६. फरक आहे, पण लहान, आणि मुख्यतः पहिल्या वर्षातला. शून्य नाही, हे लक्षात ठेवा. क्वचित स्नायू खरोखर झिजतात, लघवी गडद होते. तिथे नोसिबो म्हणून हात झटकणं धोक्याचं आहे.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "दुष्परिणामांची नोंद केली जाईल" असं एक ओळीचं वाक्य असेल तर ते आजच उघडा. कशी करणार? रुग्ण आपणहून सांगेल ते लिहिणार, की यादी वाचून विचारणार? यादी वाचलीत तर यादीतलं दुखायला लागतं. माझ्या पहिल्या मसुद्यात हा विचारच नव्हता.

आता माझी चूक. नोसिबोचं दुखणं म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. इटलीतल्या तुरिनच्या फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांच्या गटाने १९९७ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर दाखवलं की धास्तीने वाढलेलं दुखणं प्रोग्लुमाइड या औषधाने थोपवता येतं. हे औषध शरीरातल्या कोलेसिस्टोकायनिन या रसायनाचं काम अडवतं. म्हणजे धास्ती ते दुखणं या वाटेवर खरंखुरं रसायन आहे. बाबांच्या पोटऱ्या खरंच दुखत होत्या. प्रश्न एवढाच होता, की कशामुळे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाटल्यांची गोष्ट सांगितली, शहाणपणा न करता. शेवटी सगळ्यांना त्यांचे स्वतःचे आलेख दाखवले आणि ट्रायल संपल्यावर सहा महिन्यांनी ३० जण पुन्हा स्टॅटिन घेत होते, हेही. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, आकड्यात पक्के. म्हणाले, "साठातले तीस. मग उरलेले तीस?"

त्यांचं सरासरीने समाधान होईना, आणि ते बरोबर होतं. ०.९० हा साठ जणांचा मिळून आकडा आहे. एखाद्याचा त्रास खरंच औषधाचा असू शकतो. म्हणूनच इथे प्रत्येकजण स्वतःचाच कंट्रोल होता.

बाबांना प्लासिबो कुठून आणणार? पण ते डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तात सीके तपासलं, ते ठीक निघालं, आणि कमी डोसने गोळी पुन्हा सुरू केली. बाबांनी वही घातली आहे: तारीख, गोळी, आकडा. परवा फोनवर सांगत होते की एका रविवारी पोटऱ्या सर्वांत जास्त दुखल्या, ४० लिहिले. आणि त्या दिवशी गोळी घ्यायची राहूनच गेली होती.