गोठ्यात पाचटाचा बिछाना घाला



ऊस तुटला की फडात हेक्टरी ८ ते १० टन पाचट राहते. काडी लावली की त्यातला नत्र धुरावाटे जातो. तिकडे गोठ्यात जनावरांचे मूत उघड्या जमिनीत मुरते, त्यातलाही नत्र उडून जातो. दोन्ही नुकसान एकाच कामाने कमी होते.

कोरड्या पाचटाचे वीतभर तुकडे करा आणि संध्याकाळी जनावरांखाली चार बोटे जाड पसरा. ते मूत शोषून घेते. सकाळी ओले झालेले काढून शेणाबरोबर खतखड्ड्यात टाका. बुरशी आलेले पाचट मात्र वापरू नका. ओल्या बिछान्यावर गाय बसली तर कासेला दगडी होण्याची भीती असते. उरलेले पाचट खोडव्याच्या सरीत ठेवा.

काडी लावण्याआधी गट ऑफिसात या. खड्डा आम्ही आखून देऊ.