पंखा बदलायचा, पण कोणत्या मापाचा?

केम म्हटले की आठवते ते कुंकू. होडीच्या पंख्याशी या गावाचा काय संबंध, असे कोणीही विचारेल. पण केम स्टेशनवरून पुण्याच्या गाडीत बसा. जेऊर मागे पडते आणि पुढे भिगवणपर्यंतच्या वाटेवर उजनीचा फुगवटा दिसू लागतो. केम ज्या करमाळा तालुक्यात येते, त्याच तालुक्यातल्या काठच्या गावांना समोर इंदापूर तालुका दिसतो, पण रस्त्याने तिथे जायचे तर मोठा वळसा. म्हणून माणसे होडीने जातात, सोबत मोटारसायकलही चढवतात. मासेमारीच्या होड्या वेगळ्याच.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली अशीच एक होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वादळात होडी पाण्यात घालूच नये, तिथे कोणताही पंखा उपयोगाचा नाही. मात्र आभाळ भरून आल्यावर भरलेली होडी वेळेत काठाला लागते की मध्येच रेंगाळते, हे इंजिनाइतकेच त्याच्या मागच्या पंख्यावर ठरते. आणि हा पंखा बहुतेक वेळा कसा निवडला जातो? ‘भोक बसतंय ना, मग चालतंय’ या हिशेबाने.

जुना पंखा हातात घ्या. मधल्या तुंब्यावर किंवा पात्याच्या बुडाशी दोन आकडे कोरलेले असतात, समजा साडेनऊ बाय नऊ. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. व्यास समजायला सोपा. पिच म्हणजे पंखा लोण्यासारख्या घट्ट पदार्थात फिरला असता तर एका फेरीत किती पुढे गेला असता ते अंतर. लाकडात स्क्रू पिळताना तो एका फेरीला जेवढा आत जातो, तसेच.

हिशेब करून पाहू. इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेते आणि खालच्या गिअरमध्ये ते निम्मे होतात असे धरू. पंख्याचे झाले २,७५० फेरे. पिच नऊ इंच, म्हणजे मिनिटाला सुमारे ६२९ मीटर, ताशी जवळजवळ ३८ किलोमीटर. प्रत्यक्षात होडी एवढी कधीच पळत नाही, कारण पाणी लाकडासारखे घट्ट नसते, ते मागे सरकते. या घटीला स्लिप म्हणतात. होडी जितकी जड, तितकी स्लिप जास्त.

पिच हा होडीचा गिअरच समजा. उसाने भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये चढावर घातला तर काय होते? इंजिन घुटमळते, धूर ओकते, तापते. जास्त पिचचा पंखा भरलेल्या होडीला लावला की नेमके हेच होते. थ्रॉटल पूर्ण उघडूनही इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नाही, पेट्रोल मात्र पीत राहते. उलट पिच फार कमी असेल तर इंजिन नुसते किंचाळते, फेरे मर्यादेबाहेर जातात आणि होडी त्या मानाने हलत नाही. ढोबळ नियम असा, की पिच एक इंचाने कमी केला तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे मिनिटाला १५० ते २०० ने वाढतात.

आपल्याकडची मोठी चूक इथेच होते. नवा पंखा बसवला की एकटा माणूस रिकामी होडी घेऊन एक चक्कर मारतो, ती छान पळते, आणि सगळे खूश. रोजचे ओझे मात्र आठ माणसांचे आणि एका गाडीचे असते. चाचणी करायची ती त्या ओझ्यावर. त्यासाठी माणसे बसवू नका, होडीच्या क्षमतेत राहून तेवढ्याच वजनाची वाळूची पोती ठेवा. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा फेरेमापक मिळतो, तो लावा. शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, थ्रॉटल पूर्ण उघडून आकडा वाचा आणि इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. त्या मर्यादेच्या मधोमध किंवा थोडा वर आकडा आला, तर पंखा जमला.

उजनीपुरती आणखी एक गोष्ट. धरण भरलेले असताना इथले पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर उंचीवर असते. एवढ्या उंचीवर हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते, साध्या पेट्रोल इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच घटते, आणि मे महिन्याच्या उन्हात आणखी. मुंबईच्या किनाऱ्यावर त्याच इंजिनाला आणि तसल्याच होडीला बरोबर बसलेला पंखा इथे थोडा जड पडू शकतो. किनाऱ्यावरून जुने इंजिन पंख्यासकट विकत आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पाती तीन की चार? प्रवासी आणि ओझे नेणाऱ्या संथ होडीला चार पात्यांचा पंखा पाणी चांगले धरतो, कंप कमी होतो, वरचा वेग मात्र थोडा घटतो. माझे मत विचाराल तर फेरीच्या होडीने तो वेग खुशाल सोडून द्यावा.

धातूचा प्रश्न पैशाशी येऊन थांबतो, पण महाग ते चांगले असे इथे नाही. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ, ताठ आणि टिकाऊ. पण उजनीचे पाणी उन्हाळ्यात उतरते, तेव्हा बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांची खोडे, जुने बांध वर येतात. पळसदेवचे जुने मंदिर तर सगळ्यांना ठाऊक आहे. अशा भिंतीवर ॲल्युमिनियमचा पंखा आपटला की पाते वाकते किंवा तुटते आणि तोटा बहुधा तिथेच थांबतो. ताठ स्टीलचे पाते धक्का आतल्या गिअरपर्यंत पोचवू शकते. तुंब्यातला रबर बुश किंवा छोट्या इंजिनांतली शिअर पिन त्यासाठीच असते, की आधी स्वस्तातले तुटावे. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकणारे महाभाग सापडतात, मग पुढच्या धक्क्याला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गोड्या पाण्यात गंजाची भीतीही कमी. या जलाशयात ॲल्युमिनियमच बरा.

पाते तुटणे नेहमी नुकसानीचेच असते असेही नाही. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ मध्ये जहाजाच्या स्क्रूचे पेटंट घेतले. त्याचा लाकडी स्क्रू दोन पूर्ण वेढ्यांचा, लांबलचक होता. १८३७ मध्ये कालव्यात चाचणी सुरू असताना तो मोडला, निम्माच उरला, आणि होडी आधीपेक्षा जोरात पळू लागली! आखूड स्क्रू चालतो हे त्याला अपघाताने कळले. आपले पाते मोडल्यावर असे काही होण्याची आशा धरू नये. तीनपैकी एक पाते तुटले की पंख्याचा तोल जातो, शाफ्ट थरथरतो, सील आणि बेअरिंग खराब होते. गिअरचे तेल दुधासारखे पांढरे दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. सील कापणारा दुसरा शत्रू म्हणजे मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा. तो पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला जातो आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून पंखा अधूनमधून काढून पाहायलाच हवा.

काढताना आधी इंजिन बंद आणि प्लगची वायर सुटी करा. वर हिशेब केलेला पंखा सेकंदाला पंचेचाळीस फेरे घेतो. तीन पाती धरली तर सेकंदात शंभराहून अधिक वार. हाताने पंखा फिरवताना इंजिन चुकून एक ठिणगी धरले तरी बोटे जातात. माणूस पाण्यातून होडीत चढत असताना नुसते न्यूट्रलवर भागत नाही, इंजिन बंदच हवे. आणि थांबवायच्या स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली हवी, इंजिनाच्या खुंटीला नको. तरी जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि सरळ दवाखाना गाठा. धरणाच्या पाण्यातली जखम घरी शिवून-बांधून ठेवायची नसते, धनुर्वाताचे इंजेक्शन लागू शकते.

नवा पंखा बसवण्याआधी शाफ्टला ग्रीस लावा, कॉटर पिन नवीन घाला. नट आवळताना पाते आणि वरच्या पट्टीमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, म्हणजे पंखा फिरत नाही. जुना पंखा वाकडा असला तरी भंगारात देऊ नका. पान्हा, पक्कड आणि दोन जास्तीच्या पिनांसह तो होडीतच ठेवा. मध्यावर नवा तुटला तर हळूहळू काठ गाठायला तो पुरतो.