मागील शिल्लक पुढे

जयपूरच्या राजा पार्क शाखेत माझी बदली झाली, तेव्हा कामकाजात मराठी बोलण्याची आशा मी सोडलीच होती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी-पंजाबी कुटुंबांनी गजबजवलेली ही वसाहत. त्यामुळे वैयक्तिक कर्जाच्या चौकशीसाठी आलेल्या एका भगिनींनी "आपण महाराष्ट्रातले का?" असे विचारले, तेव्हा मन सुखावले.

त्या मूळच्या नागपूरच्या. २००८ साली संकेतस्थळे तयार करण्याचे शिक्षण घेऊन त्यांनी चार वर्षे नोकरी केली आणि मुलांच्या संगोपनासाठी ती सोडली. आता पुन्हा काम करायचे, तर एका खाजगी संस्थेने "तुमचे सारे ज्ञान कालबाह्य झाले" असे सांगून जबर शुल्क मागितले होते. कर्ज हवे होते ते त्यासाठी.

हिशेबाच्या वहीत नवे पान उघडताना पहिली नोंद मागील शिल्लकेची असते. त्यांचीही शिल्लक आधी पाहावी, असे मी सुचवले.

काही गोष्टी खरोखरच बुडीत खाती गेल्या होत्या. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. पानाची मांडणी टेबलांत बसवण्याची जुनी रीत मागे पडली. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी सीएसएसची ग्रिड मांडणी स्वीकारली. जावास्क्रिप्टच्या प्रमाणकाची तर २०१५ पासून दरवर्षी नवी आवृत्ती निघते. परंतु परिच्छेद, दुवे, अर्ज यांचे एचटीएमएल आजही तेच आहे. जुनी पाने उघडत राहावीत, ही महाजालाची रीतच आहे. म्हणजे शिल्लक शून्य नव्हती.

मग साधने कोणती? मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेले एमडीएन हे पहिले. प्रत्येक सुविधा कोणत्या ब्राउझरात चालते, याचा तक्ता तेथे मिळतो. प्रत्यक्ष सरावासाठी २०१४ पासूनचे फ्रीकोडकॅम्प आहे. ही दोन्ही विनामूल्य. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' वर अध्ययन निःशुल्क असून शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात तर अनेक पाठ मराठी निवेदनासह ऐकता येतात.

साधन निवडताना तीन प्रश्न विचारावेत. पाठ शेवटचा कधी सुधारला? तो कोणत्या आवृत्तीवर आधारलेला आहे? आणि वाचून झाल्यावर स्वतः काही लिहायला लावतो का? एचटीएमएल हे स्वतःच आता 'जिवंत प्रमाणक' म्हणून सतत सुधारले जाते. तेव्हा एकदा शुल्क भरून कायमचे शिकलो, असे या विद्येत होत नाही. रोजचा एक तास, हाच तिचा हप्ता.

त्यांनी तीन महिन्यांची मुदत स्वतःला घातली. मुले शाळेत गेली, की एक तास. पहिल्या महिन्यात हाताशी आलेले सारे विसरल्यासारखे वाटे, असे त्या सांगत. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी शाखेत येऊन आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. परिसरातील एका कापड दुकानासाठी त्यांनी केलेले पान त्या लहानशा पडद्यावर नीटनेटके उघडले होते. दुकानदाराने मोबदलाही दिला होता.

कर्जाचा अर्ज त्यांनी परत घेतला आणि त्याच टेबलावर नव्या लॅपटॉपसाठी आवर्ती ठेव उघडली. पहिला हप्ता त्या मोबदल्यातला होता.