मेल गेला तरी कुठे?

कॉलेज फेस्ट असो की घरच्या मसाल्यांचा ब्रँड, हल्ली प्रत्येकाला स्वतःचं डोमेन हवं असतं. जीमेलच्या पत्त्यापेक्षा आपल्या नावाचा पत्ता व्हिजिटिंग कार्डवर भारी दिसतो, यात वाद नाही. डोमेन काही शे रुपयांत मिळतं. पण त्यावरच्या प्रत्येक मेलबॉक्ससाठी दरमहा पैसे मोजायचे म्हटलं, की ग्रुपमधला एखादा टेकी मित्र म्हणतोच, ‘थांबा रे, आपला आपणच मेल सर्व्हर टाकू!’ तो टाकतो. पहिला मेल जातो. पार्टी होते. आणि मग एक दिवस मेल यायचे थांबतात.

पुण्यातल्या चार इंजिनीअरिंगच्या मित्रांचं हेच झालं. त्यांनी भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला आणि त्यावर तीन डोमेनचे मेल चालवायला सुरुवात केली. एक त्यांच्या प्रोजेक्टचं, एक ट्रेकिंग ग्रुपचं आणि तिसरं त्यांच्यातल्या एकाच्या आईच्या फराळाच्या व्यवसायाचं. दिवाळीच्या तोंडावर एका ऑफिसने फराळाच्या दीडशे डब्यांची ऑर्डर मेलवर पाठवली. ती काकूंपर्यंत पोचलीच नाही. ‘असा पत्ताच नाही’ म्हणून मेल परत गेला. ऑफिसमधल्या माणसाने फोन केला म्हणून ऑर्डर वाचली. ज्यांनी फोन केला नसेल त्यांचं काय, हा प्रश्न काकूंनी विचारला आणि चौघांची झोप उडाली.

एक वाडा, तीन पाट्या

एकाच सर्व्हरवर अनेक डोमेन चालवण्याला ‘व्हर्च्युअल डोमेन’ म्हणतात. एकच वाडा, पण दारावर तीन पाट्या, असं समजा. दारावर उभा असतो पोस्टफिक्स. वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला हा मोफत प्रोग्राम १९९८ पासून जगभर मेल पोचवतोय. त्याच्या जोडीला असतो डोव्हकॉट. पेटीत पडलेलं पत्र तुमच्या फोनवर दाखवणं हे याचं काम.

पोस्टफिक्सकडे दोन याद्या असतात. पहिली घरच्या माणसांची, म्हणजे ज्यांचं सर्व्हरवरच लॉगिन आहे अशांची. दुसरी भाडेकरूंची, म्हणजे व्हर्च्युअल डोमेनची. या मुलांनी फराळाचं डोमेन दोन्ही याद्यांमध्ये टाकलं होतं. अशा वेळी पोस्टफिक्स आधी घरच्यांची यादी बघतो. तिथे काकूंचं नाव कसं असणार? मग तो ‘५५०, युजर अननोन’ म्हणतो आणि दार लावतो. गंमत म्हणजे, हे डोमेन दोन्हीकडे लिहू नका, अशी स्पष्ट सूचना तो लॉगमध्ये लिहीत असतो. पण लॉग उघडतो कोण!

पहिल्या यादीतून डोमेन काढलं, पोस्टफिक्सला सेटिंग पुन्हा वाचायला लावलं, आणि मेल आत यायला लागले. पण पेटीत काही पडेना! आता लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’. मेल ठेवायचं फोल्डर वेगळ्याच युजरच्या मालकीचं होतं. मालकी बदलल्यावर रांगेत थांबलेले मेल धडाधड पेटीत पडले.

चार की पाच?

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सर्व्हरचं उत्तर ४ ने सुरू झालं तर ‘आत्ता नाही, नंतर ये’ आणि ५ ने सुरू झालं तर ‘येऊच नको’. चारवाला मेल रांगेत राहतो. पोस्टफिक्स नेहमीच्या सेटिंगवर ५ दिवस प्रयत्न करत राहतो. पाचवाला लगेच परत जातो. त्यामुळे परवानगीच्या गडबडीत अडकलेले मेल वाचले, पण आधी परत गेलेले गेलेच. काकूंनी मग जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले.

स्पॅमचा फेरा

येणारे मेल सुधारले, पण काकूंचे कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये! कारण सरळ आहे. मेल पाठवण्याचे मूळ नियम १९८२ चे. तेव्हा सगळे एकमेकांना ओळखायचे, पाठवणाऱ्याचं ओळखपत्र कोणी मागत नव्हतं. आज मागतात. फेब्रुवारी २०२४ पासून तर गुगल आणि याहूने नियम आणखी कडक केलेत. ओळखपत्रं कोणती?

एसपीएफ : या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवरून येतील, त्याची डीएनएसमधली नोंद. एका डोमेनला एकच हवी. फराळाच्या डोमेनला जुन्या होस्टिंगची एक आणि नवी एक, अशा दोन होत्या. दोन झाल्या की तपासणीच फसते.

डीकेआयएम : प्रत्येक मेलवर सर्व्हरने केलेली डिजिटल सही.

डीमार्क : वरच्या दोन्हींत मेल नापास झाला तर काय करायचं, ही समोरच्याला दिलेली सूचना.

पीटीआर : आयपी अ‍ॅड्रेसवरून सर्व्हरचं नाव सांगणारी उलटी नोंद. ही डोमेन विकणाऱ्याकडे नाही, तर सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडे करावी लागते. इथे भलेभले अडकतात.

पहिल्या तीन नोंदी प्रत्येक डोमेनच्या वेगळ्या. पीटीआर मात्र सर्व्हरची एकच, मग वाड्यावर पाट्या तीन असोत की तीस.

मग करायचं की नाही?

शिकायचं असेल तर नक्की करा. डीएनएस, लिनक्स, सिक्युरिटी या तीन विषयांचं प्रॅक्टिकल एका फटक्यात होतं. पण आधी हे बघा :

• सर्व्हर घेण्याआधी २५ नंबरचं पोर्ट उघडं मिळेल का, ते विचारा. अनेक कंपन्या ते बंद ठेवतात. ते बंद असेल तर तुमचा सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला थेट मेल देऊच शकत नाही.

• काही बिघडलं की आधी मेल लॉग उघडा. सेटिंग नंतर.

• एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. पाच बदल एकदम केले, तर कशाने सुटलं ते कधीच कळत नाही.

• येणारा आणि जाणारा मेल वेगवेगळा तपासा. दोन्हींचे आजार वेगळे असतात.

• लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट वापरत असाल, तर ते आपोआप नवं होतंय ना, हे बघा. नवं झाल्यावर डोव्हकॉटलाही ते पुन्हा वाचायला लावा.

• बॅकअप. रोज. दुसऱ्या जागी.

आणि कोणाचं पोट त्या मेलवर अवलंबून असेल, तर प्रयोग त्या डोमेनवर नको. पुण्याच्या चौघांनी शेवटी तेच केलं. फराळाचं डोमेन पैसे भरून एका तयार सेवेवर नेलं. प्रोजेक्ट आणि ट्रेकिंगचे मेल अजून त्यांच्याच सर्व्हरवर आहेत. लॉग बघायची पाळी मात्र आता चौघांत वाटून घेतलीय. सोमवार ते गुरुवार, रोज एक जण.