उंच रोप म्हणजे जोमदार रोप नव्हे

कुंडीतलं टोमॅटोचं किंवा मिरचीचं रोप भराभर उंच झालं की आपण खूश होतो. ते रोप जरा जवळून पाहा. पानापानांतली पेरं लांबलेली, खोड सुतळीसारखं बारीक आणि फिकट, शेंडा ग्रिलबाहेर झुकलेला. ही उजेडासाठी चाललेली धडपड आहे. उजेड अपुरा पडला की रोप हाताशी असलेलं अन्न खोड भरण्याऐवजी लांबवण्यात खर्च करतं. दाटीवाटीने पेरलेल्या रोपांचंही हेच होतं. शेजारच्या पानांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशातून त्यांना गर्दीची चाहूल लागते आणि ती एकमेकांच्या वर निघू पाहतात.

‘खोड बारीक राहिलं, म्हणजे खत कमी पडलं’ हा तर सगळ्यात नुकसान करणारा समज. अशा रोपाला युरिया दिला की आणखी लुसलुशीत वाढ होते आणि त्या कोवळ्या शेंड्यावर मावा बसतो. त्याला हवं असतं ऊन, टोमॅटो-मिरचीला रोज किमान सहा तास थेट. बी उगवल्याबरोबर ट्रे उजेडात ठेवा. जास्तीची रोपं कात्रीने छाटा. उपटलीत तर शेजारच्यांची मुळं दुखावतात. सावलीत वाढलेलं रोप मात्र एकदम कडक उन्हात नेऊ नका, आठवडाभरात हळूहळू सवय लावा.

रोपाला वारा लागू द्यायचा नाही, हाही गैरसमजच. जाफी या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवून दिलं, की खोड रोज हलकेच चोळलं तरी बऱ्याच वनस्पतींची उंची वाढणं मंदावतं आणि खोड जाड होतं. वाऱ्याने डोलणाऱ्या रोपातही असाच बदल होतो. म्हणून कोवळ्या रोपांच्या शेंड्यांवरून दिवसातून एक-दोनदा हलका हात फिरवावा. लहान रोपाला काठीशी आवळून बांधण्याची घाई नको. फळांनी लगडणाऱ्या टोमॅटोला मात्र आधार लागतोच, पण तोही सैल गाठीचा.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर दिला की पाणी चांगलं निचरतं, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही. माती आधी पुरती भिजते, मगच ते खाली जातं. थर जितका जाड, तितका हा चिखल मुळांच्या जवळ येतो. भोकावर एखादी खापरी पुरे. निचरा हवा असेल तर कोकोपीट आणि शेणखत घालून सगळीच माती भुसभुशीत करा. पाणी रोज घालायलाच हवं असंही नाही. मातीत बोट खुपसून पाहा, ओल लागली तर थांबा.

टोमॅटोचं लांबलेलं रोप वाचवता येतं. खालची पानं काढून खोड खोलवर पुरा, त्याला मुळं फुटतात. मिरचीच्या खोडाला इतक्या सहज फुटत नाहीत, तिथे हा भरवसा नको. आणि नर्सरीत गेलात तर उंचीवर जाऊ नका. बुटकं, जाड खोडाचं, अजून फूल न आलेलं रोप निवडा.