थेंबभर आयोडीन, ताटभर पिष्ट

भोरच्या हिरडस मावळात आणि तोरणा-राजगडाच्या पायथ्याला वेल्ह्यात खाचरांतून भात पिकतो, डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई. पिष्ट (स्टार्च) ओळखण्याच्या शाळेतल्या आयोडीनच्या प्रयोगाला लागणारे निम्मे सामान इथल्या मुलांच्या घरीच असते. उरते ते औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन, पाणी घालून फिकट तपकिरी केलेले.

भाताच्या गार शितावर थेंब पडताच निळा-काळा डाग उमटतो. भात गरम असेल तर रंग नीट दिसत नाही; गार होऊ द्यावा. नाचणी मुळातच तांबूस, तेव्हा तिची पेज पातळ करून गाळून घेतलेली बरी. बटाटा, साबुदाणा, शिंगाड्याचे पीठ, वरईचे तांदूळ हे सारे उपवासाचे पदार्थही निळे-काळेच होतात. साखर, गूळ आणि अंड्याचा पांढरा बलक मात्र आयोडीनचा तपकिरी रंग तसाच ठेवतात. सर्वांत बोलके केळे: कच्च्यावर गडद डाग, पूर्ण पिकलेल्यावर फिकट, कारण पिकताना पिष्टाची साखर होते.

फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा यांना 1811 मध्ये समुद्री वनस्पतींच्या राखेतून आयोडीन सापडले आणि 1814 मध्ये पिष्टाशी होणारा त्याचा हा रंगखेळ नोंदला गेला. पिष्टातल्या ग्लुकोजच्या लांब साखळीला, म्हणजे अमायलोजला, वेटोळ्याचा आकार असतो. आयोडीन त्या वेटोळ्यात शिरून बसते आणि रंग बदलतो. उष्णतेने वेटोळे सैल होते, म्हणून गरम भातावर डाग टिकत नाही.

या प्रयोगाचा खरा उपयोग भेसळ ओळखण्यात आहे. दूध, खवा, पनीर यांत पिष्ट मुळात नसतेच. नमुना पाण्यात उकळून गार केल्यावर आयोडीनने निळा झाला, तर त्यात कोणीतरी पीठ किंवा स्टार्च मिसळला आहे. शेजारी नुसत्या पाण्याचा आणि पेजेचा नमुना ठेवला की तुलना पक्की होते.

हळदीला मात्र हाच निकष लावला तर निष्पाप विक्रेता दोषी ठरेल. हळदीच्या कंदात पिष्ट निसर्गतःच असते, त्यामुळे शुद्ध हळदही निळी पडते. तिथे सूक्ष्मदर्शकच हवा: तांदळाच्या पिष्टाचे कण बारीक, कोनदार दिसतात, तर शिजवून वाळवलेल्या हळदीत ते फुगून एकमेकांना चिकटलेले असतात.